भाच्याने नाणे गिळले आहे, थांबावे की निघावे? (तातडीने मदत हवी आहे)

चैत्रपालवी (सायं. ६.१०)
भाच्याने नाणे गिळले आहे. आई म्हणते की केळे खाऊ घाल, दोन दिवसांत आपोआप पडेल. गावातले डॉक्टर सात वाजता येतात आणि मोठे रुग्णालय गाठायचे तर मिरजेला जायला दीड तास लागतो. दादा-वहिनी कामावर आहेत, त्यांना उगाच घाबरवायचे नाही. सातपर्यंत थांबले तर चालेल का, एवढेच कृपया कोणीतरी स्पष्ट सांगावे.

माळावरचा (६.१३)
ताई, घाबरू नका, तुमच्या आईंचे म्हणणे बरोबर आहे. आमच्या धाकट्या भावाने लहानपणी चार आणे गिळले होते. आजीने त्याला दिवसभर केळी आणि रात्री एरंडेल दिले, तिसऱ्या दिवशी नाणे पडले आणि आजीने ते धुऊन पुन्हा डब्यात टाकले. हल्ली लोक उठल्यासुटल्या दवाखान्यात धावतात आणि फुकट एक्स-रेचे पैसे भरून येतात.

परिचारिका_२१ (६.१५)
कृपया आधी सांगा: मूल किती वर्षांचे आहे, किती वाजता गिळले, त्याची लाळ गळते आहे का, खोकला येतो आहे का, बोलताना आवाज बसल्यासारखा वाटतो का, आणि नाणे तोंडात जाताना प्रत्यक्ष कोणी पाहिले? केळे देऊ नका. दुर्बिणीने काढण्याची वेळ आली तर भूल द्यावी लागते आणि त्या वेळी पोटात अन्न असणे धोक्याचे असते. उलटीही काढायला लावू नका आणि घशात बोट घालू नका.

नाणेघाट (६.१८)
नाणे कोणते, हे कोणीच विचारले नाही. २०११च्या मालिकेतला रुपया साधारण २२ मिलिमीटरचा आहे, २०१९च्या मालिकेतला २० मिलिमीटरचा, तर दहाचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. नाणे जेवढे मोठे आणि मूल जेवढे लहान, तेवढी ते अन्ननलिकेत अडकण्याची शक्यता जास्त, त्यामुळे हा प्रश्न केवळ माझ्या छंदापोटी विचारलेला नाही.

माळावरचा (६.२०)
नाणेघाटसाहेब, मूल रडत असताना पट्टी घेऊन नाणी मोजायची का? जठरात पोचलेले नाणे बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते, हे डॉक्टरही सांगतात.

परिचारिका_२१ (६.२२)
सांगतात, पण ते जठरात पोचले आहे हे आधी एक्स-रेत पाहूनच सांगतात. अन्ननलिकेत अडकलेल्या नाण्यासाठीही काही तास वाट पाहता येते, मात्र ती वाट डॉक्टरांच्या नजरेखाली पाहायची असते. ताई, माझ्या प्रश्नांची उत्तरे राहिली आहेत.

चैत्रपालवी (६.२४)
वय अडीच वर्षे. साडेपाचला गिळले. रडत नाही, आवाज नेहमीसारखा आहे. लाळ जरा गळते आहे, पण दाढा येत असल्यामुळे ती आठवडाभर गळतेच आहे. बिस्किट दिले तर तोंड फिरवले, पाणी मात्र दोन घोट प्यायला. नाणे नवीन रुपयाचे. प्रत्यक्ष कोणी पाहिलेले नाही. आईला त्याचा ठसका ऐकू आला आणि तिने वळून पाहिले तेव्हा त्याचा हात आरतीच्या ताटात होता, त्यावरून रुपया गेला असे ती म्हणते.

खाजणकाठ (६.२६)
आमच्याकडे घशात माशाचा काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला देतात आणि काटा खाली जातो. मुलाला तसा छोटा गोळा देऊन पाहावा.

परिचारिका_२१ (६.२७)
येथे काटा नाही. काट्यासाठीही हा उपाय करू नये, कारण त्याने काटा अधिक खोल रुततो.
ताई, बिस्किट नाकारणे आणि लाळ गळणे ही दोन्ही लक्षणे एकत्र असताना दाढांवर भरवसा ठेवू नये, तुम्ही निघण्याची तयारी करा. तयारी चालू असताना एकच गोष्ट पाहा. त्या ताटाजवळ नाण्याएवढे, गोल आणि चपटे दुसरे काय होते? खेळणे, रिमोट, वजनकाटा, काहीही असो, एखाद्याचे बॅटरीचे झाकण उघडे आहे का?

चैत्रपालवी (६.३१)
ताटाच्या मागे गौरींच्या आराशीतले बॅटरीवरचे चार दिवे आहेत. त्यांतला एक आडवा पडला आहे आणि त्याच्या तळाचे झाकण निघालेले आहे. आत काही नाही. पण तो दिवा बरेच दिवस पेटत नव्हता, म्हणजे त्यातली बॅटरी संपलेलीच असणार, मग तिचा काय त्रास होणार? ताटात रुपया एक ठेवला होता की दोन, हे आईला आठवत नाही. सध्या एक आहे.

नाणेघाट (६.३२)
उरलेल्या दिव्यातली बॅटरी काढून तिच्यावरचा आकडा वाचा. २०३२ असेल तर पहिले दोन अंक म्हणजे व्यास, २० मिलिमीटर, नेमका नव्या रुपयाएवढा.

परिचारिका_२१ (६.३३)
आता थांबू नका. संपलेल्या बॅटरीतही इजा करण्याइतका विद्युतदाब शिल्लक असतो. ती अन्ननलिकेत अडकली की ओल्या अस्तरातून प्रवाह वाहतो, तिच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि अस्तर जळू लागते. त्यासाठी बॅटरी फुटावी किंवा गळावी लागत नाही आणि दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. तुमचा एक तास होऊन गेला आहे. सातच्या डॉक्टरांची वाट पाहू नका, जेथे लहान मुलांची दुर्बिणीची तपासणी आणि भूल देण्याची सोय आहे तेथे फोन करून थेट निघा. गाडी दारात असेल तर तीच घ्या, नसेल तर १०८ला फोन करा. दादा-वहिनींना आत्ताच कळवा आणि उरलेल्या दिव्यांपैकी एक बरोबर न्या, म्हणजे बॅटरी कोणती आहे हे डॉक्टरांना कळेल.
घरात मध असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे १० मिली, जास्तीत जास्त सहा वेळा द्या. तो ठसका न लागता गिळत असेल तरच द्या.

माळावरचा (६.३५)
मघाशी पोट रिकामे ठेवा म्हणालात, आता मध द्या म्हणता. एक काहीतरी ठरवा.

परिचारिका_२१ (६.३७)
विरोध दिसतो खरा. नाण्यासाठी मधाचा उपयोग नाही, म्हणून तेथे पोट रिकामेच ठेवायचे. बॅटरीची शक्यता असेल, बारा तास उलटलेले नसतील आणि मूल एक वर्षाहून मोठे असेल, तरच मध. तो बॅटरी आणि अस्तर यांच्यामध्ये थर धरतो आणि जळण्याचा वेग थोडा कमी करतो. त्याने बॅटरी निघत नाही, तेव्हा मध शोधण्यासाठी किंवा विकत आणण्यासाठी एक मिनिटही घालवायचे नाही. किती वेळा दिला, हे भूलतज्ज्ञांना सांगायचे.

चैत्रपालवी (६.३९)
२०३२ आहे. शेजारच्या काकांची गाडी निघाली आहे. मध आहे.

खाजणकाठ (६.४४)
मध शुद्ध आहे ना? हल्ली बाजारातल्या मधात साखरेचा पाक असतो.

चैत्रपालवी (दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.०५)
काल लिहायला उसंत मिळाली नाही. आधी फोन केला होता, म्हणून पोचताच एक्स-रे काढला. अन्ननलिकेच्या वरच्या भागात गोल सावली होती आणि तिच्या कडेच्या आत आणखी एक कड होती. नाण्याला अशी दुहेरी कड दिसत नाही, असे डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितले. रात्री नऊच्या सुमारास दुर्बिणीने बॅटरी काढली. ती स्टीलच्या वाटीत ठेवून आम्हाला दाखवली, तेव्हा तिची एक बाजू काळी पडली होती. अन्ननलिकेलाही एका बाजूला तेवढाच काळा डाग आहे. सध्या नाकातून नळी घालून दूध देत आहेत आणि काही दिवसांनी दुर्बिणीने पुन्हा पाहणार आहेत.
आई रात्रभर त्याच्या उशाशी बसून होती आणि ‘मी केळे सोलून ठेवले होते’ एवढेच पुन:पुन्हा म्हणत होती.
बॅटरी निघाली आहे, तर घरी सोडल्यावर नेहमीसारखे राहता येईल ना?

माळावरचा (१२.२०)
मूल सुखरूप आहे, हे वाचून बरे वाटले. नाण्याबद्दल माझे मत अजूनही तेच आहे, पण ते नाणेच आहे असे मी धरून चाललो, ही माझी चूक झाली.

परिचारिका_२१ (१२.३१)
लगेच नाही. बॅटरी काढल्यानंतरही जखम काही दिवस खोल जात राहू शकते आणि अन्ननलिकेला लागूनच मोठ्या रक्तवाहिन्या असल्यामुळे क्वचित काही आठवड्यांनंतरही रक्तस्राव होतो. उलटीत किंवा थुंकीत थोडे जरी रक्त दिसले, शी डांबरासारखी काळी झाली, ताप आला किंवा गिळताना त्रास झाला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, सकाळची वाट पाहायची नाही. किती दिवस जवळपास राहायचे, हे तेथील डॉक्टरांना घरी सोडण्याआधी स्पष्ट विचारून घ्या.

चैत्रपालवी (१.१०)
विचारले. किमान तीन आठवडे रुग्णालयापासून लांब जाऊ नका, असे म्हणाले. वहिनीची मावशी मिरजेतच राहते, आम्ही तिच्याकडे उतरत आहोत. घरचे बाकीचे तीनही दिवे उघडून काकांनी त्यांतल्या बॅटऱ्या काढून घेतल्या आहेत.