जास्वंदीवर पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग, आधी कुणाला हाकलू?

गच्चीवरची:
पुण्यात चौथ्या मजल्यावर सात-आठ कुंड्या आहेत, त्यातल्या जास्वंदीच्या शेंड्यांना पंधरा दिवसांपासून पांढरा कापसासारखा थर येतोय, कोवळी पानं आकसून गोळा होतायत, कळ्या गळतायत आणि खोडावरून मुंग्यांची रांग अखंड चालू. खालची पानं चिकट आणि वर काजळी धरल्यासारखी काळी. सासूबाई म्हणतात मुंग्याच झाड खातायत, पावडर टाक. मला वाटतं त्या कीड खायला येत असतील, मग कशाला मारायचं? गणपतीच्या आत फुलं यायला हवीत हो.

किडेबघ्या:
ताई, सासूबाईंचं पण चुकतंय आणि तुमचं पण 😄 मुंग्यांनी ती कीड पाळलीय. कापूस दिसतोय तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. एखादा चिरडून बघा, गुलाबी पाणी निघालं तर जास्वंदीवरचा नेहमीचाच. तो सोंड खुपसून झाडाचा रस पितो, पण त्या रसात साखर भरपूर आणि बाकी पोषण अगदीच कमी, म्हणून पोट भरायला तो ढोसतच राहतो आणि जास्तीची साखर मागून चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. मुंग्यांना हवा असतो तो हा थेंब. बदल्यात त्या राखण करतात, ढाल किडा किंवा दुसरा कुणी मिलीबग खायला आला की त्याला हुसकावतात. पानावरची काजळी ही त्या सांडलेल्या साखरेवर वाढलेली बुरशी.

बाकीचं पोषण मिलीबगला कुठून मिळतं हे तर अजूनच भारी. संत्र्यावरच्या मिलीबगच्या शरीरात एक जिवाणू राहतो आणि त्या जिवाणूच्या आत दुसरा जिवाणू, आणि तिघं मिळून प्रथिनांचा कच्चा माल तयार करतात. म्हणजे भाडेकरूच्या घरात पोटभाडेकरू.

तासगावकर:
आमच्या द्राक्षबागेत हाच मिलीबग. घडात शिरला की माल गेलाच म्हणायचा. आम्ही खोडाची सुटलेली साल काढतो आणि खोडाला चिकट पट्टा मारतो म्हणजे मुंगी वर चढत नाही, मुंगी थांबली की मग क्रिप्टोलेमस सोडायचे, ऑस्ट्रेलियातला ढाल किडा आहे, भारतात 1898 सालीच आणलाय. डोकं नारिंगी, पाठ काळपट. पण मुंग्या असताना सोडले तर निम्मं काम पण होत नाही ओ. आणि किडे सोडल्यावर कडक औषध मारू नका, पहिले तेच मरतात.

वाटीत_पाणी:
कुंडी तिवईवर ठेवा आणि तिवईच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. आमची आजी दुभत्याच्या कपाटाला हेच करायची. फक्त फांदी भिंतीला टेकू देऊ नका नाहीतर मुंग्या तिथून येतात, आणि पाणी चार दिवसांनी बदला, डास होतील. शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, उरलेले पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा.

किडेबघ्या:
वाटीची आयडिया बेस्ट. एक राहिलंच, क्रिप्टोलेमसची अळी पण पांढरी आणि झिपरी असते, हुबेहूब मिलीबगसारखी, त्या मेणाच्या झिपऱ्यांमुळे मुंग्यांपासूनही थोडी वाचते. ओळखायचं कसं, तर मिलीबगच्या तीन-चार पट मोठी आणि भराभर चालते. ती दिसली तर हात लावू नका.

गच्चीवरची:
अरे देवा. काल जुन्या टूथब्रशने सगळे पुसून काढले तेव्हा दोन चांगले मोठे पांढरे झिपरे पळत होते, मी म्हटलं हे यांचे म्होरके दिसतायत आणि त्यांना आधी चिरडलं 🤦‍♀️ वाट्या लावल्यात आता. मुंग्या काठाशी येऊन गोल फिरतायत.