गॅलियम आर्सेनाइड वेव्हगाईडचा लॉस काही केल्या उतरेना

फ्रिंजवाली:
नमस्कार मंडळी. १५५० नॅनोमीटरच्या उजेडाची वेव्हलेंग्थ निम्मी करून ७७५ करायचीय, त्यासाठी अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचे रिज वेव्हगाईड (उजेड वाहून नेणाऱ्या बारीक उंचवट्यासारख्या पट्ट्या) बनवतेय. कोअरमध्ये (उजेड धरणारा मधला थर) २०% अॅल्युमिनियम, क्लॅडिंगमध्ये (त्याच्या वरखालचे थर) ७०%. ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) पॅटर्न, सिलिकाचा हार्ड मास्क, क्लोरीनवालं आयसीपी (प्लाझ्मा) एचिंग आणि शेवटी मास्क बीएचएफमध्ये (बफर्ड हायड्रोफ्लोरिक अॅसिड) बुडवून काढते. रुंदी १ ते ३ मायक्रॉन, चिप ३ मिमी. लेन्स्ड फायबरने आत-बाहेर मोजलं तर ९ डीबी जातात, म्हणजे ३० डीबी/सेमी!! गाईड म्हणतायत एचिंगची रेसिपी बदल, पण आयसीपीचा स्लॉट मिळता मिळत नाही, तर नेमकी सुरुवात कुठून करू?

पवईकर७७:
रेसिपीला अजून हात लावू नकोस, आधी तो ३० चा आकडा डोक्यातून काढ. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स ३.३ धर, प्रत्येक टोकाला २८-२९% उजेड परत फिरतो, दोन टोकांचे मिळून ३ डीबी तिथेच गेले आणि ३ मिमीने भागलंस की एवढ्यानेच १० डीबी/सेमी दिसणार, फायबरचा मोड (उजेडाच्या पसरण्याचा आकार) न जुळल्याचं तर अजून धरलंच नाही. फॅब्री-पेरो मोजणी कर, म्हणजे चिपच्या दोन टोकांत उजेड मागेपुढे फिरून जे चढउतार (फ्रिंज) देतो ते बघ. दोन्ही टोकं नीट क्लीव्ह केलेली (क्रिस्टलच्या रेषेत सरळ तोडलेली) हवीत, लेसरची वेव्हलेंग्थ हळूहळू सरकवत स्वीप करायचा आणि फ्रिंजच्या कमाल-किमान गुणोत्तरावरून लॉस काढायचा, त्यात कपलिंगचा संबंधच येत नाही. तुझ्या लांबीला फ्रिंज साधारण ०.११ नॅनोमीटरवर येतील त्यामुळे स्टेप बारीक ठेव.

फ्रिंजवाली:
केलं! १ मायक्रॉनला ७ डीबी/सेमी, ३ मायक्रॉनला २ च्या आसपास. पण ३ वाल्याच्या फ्रिंज वेड्यावाकड्या येतायत.

क्लीनरूम काका:
३ मायक्रॉनमध्ये एकापेक्षा जास्त मोड चालतात, म्हणून वेड्यावाकड्या. त्या २ वर फार विसंबू नकोस, पण अरुंद झाल्यावर लॉस वाढतोय एवढं कळलं ना, मग चोर बाजूच्या भिंतीत आहे. स्कॅटरिंग खडबडीतपणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, भिंत निम्मी गुळगुळीत झाली तर लॉस पाव.

आता एचिंगचं. रेझिस्टची (ई-बीमने पॅटर्न काढायचा लेप) कड जशी, तशीच भिंत उतरते, आयसीपी ती सुधारत नाही. मास्क उघडायच्या आधी रेझिस्ट हलका तापवून रिफ्लो कर (एचएसक्यू नावाचा रेझिस्ट असेल तर विसर, ते वितळत नाही) आणि ई-बीम तुकड्यातुकड्याने लिहितं त्या फील्डचे सांधे वेव्हगाईडवर येतायत का तेही बघ.

पण मला खटकलं ते बीएचएफ. हायड्रोफ्लोरिक ७०% अॅल्युमिनियमचा थर खातं गं! कोअर तसाच राहतो आणि खालचं क्लॅडिंग आत कोरलं जातं. एक तुकडा क्लीव्ह करून सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आडवा बघ, कोअरखाली खाच दिसली तर समजून जा. मास्क वरच राहू दे की, सिलिकाने तुझं काय बिघडतंय? मोडच्या सिम्युलेशनमध्ये तेवढा धर म्हणजे झालं. आणि एचिंगनंतर चिप हवेत लोळत ठेवायची नाही, पातळ अमोनियात ऑक्साइड धुवून लगेच एएलडीने (एकेक अणुथर चढवून) अॅल्युमिनाचे काही नॅनोमीटर. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये रिफ्लो आणि अॅल्युमिना दोन्ही वापरून रिंगचा क्यू (उजेड आत किती टिकतो त्याचा आकडा) १५ लाखांवर नेला, म्हणजे ०.४ डीबी/सेमीच्या आसपास. त्यांचं इन्सुलेटरवर होतं, पण भिंतीचं दुखणं तेच.

नायोबेटप्रेमी:
एवढी मारामारी कशाला, थिन फिल्म लिथियम नायोबेट घ्या ना. हार्वर्डवाल्यांनी २०१७ लाच २.७ डीबी प्रति मीटर दाखवलाय, मीटर बरं का, सेंटीमीटर नाही. वर इलेक्ट्रोड लावून पोलिंग करा (ठरावीक अंतराने क्रिस्टलची दिशा उलटवा), फेज मॅचिंग झालं, म्हणजे दोन्ही वेव्हलेंग्थ एका तालात चालल्या.

क्लीनरूम काका:
पोलिंगचं मान्य, गॅलियम आर्सेनाइड फेरोइलेक्ट्रिक नाही (व्होल्टेजने उलटत नाही), तिथे क्रिस्टल वाढवतानाच उलटा करावा लागतो नाहीतर वेगवेगळे मोड जुळवून फेज मॅचिंग भागवायचं. पण नायोबेटचा नॉनलिनियर गुणांक २७ च्या घरात, याचा १५५० जवळ ११९ पिकोमीटर प्रति व्होल्ट. कार्यक्षमतेत गुणांकाचा वर्ग येतो, त्याला इंडेक्सच्या घनाने भागूनही पाचपट उरतो. पोरीचा वेफर वाढवून तयार आहे, तिला आता मटेरियल बदलायला काय सांगता!

फ्रिंजवाली:
सेम उद्याच बघते काका. चिपच लांब कापली तर सिग्नल वाढेल ना?

क्लीनरूम काका:
७ डीबीवर नाही, ६ मिमीतच पंपाचा (आत सोडलेल्या १५५० च्या उजेडाचा) ३८% उरतो, पुढची लांबी जवळपास फुकट. आणि ७७५ चा लॉस वेगळा मोज. तो फोटॉन १.६ ईव्हीचा, तुझ्या कोअरचा बँडगॅप (याच्या वरचे फोटॉन शोषले जातात) १.६७, फार अंतर नाही. भिंतीवरच्या सरफेस स्टेट (पृष्ठभागावरच्या दोषांच्या ऊर्जापातळ्या) तिथे १५५० पेक्षा जास्त खातील, स्कॅटरिंगही लहान वेव्हलेंग्थला जास्तच. एकट्या १५५० वर रेसिपी ठरवलीस तर ७७५ ला परत तिथेच अडकशील.