ग्राफिक्स कार्डला वॉटर ब्लॉक: रेडिएटर आणि पॅड कोणते?

प्रश्न: ३०० वॅटच्या कार्डचा मूळ कूलर काढून फुल-कव्हर वॉटर ब्लॉक (पूर्ण कार्डावर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) लावायचा आहे. कॅबिनेटमध्ये २४० मिमीचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) मावतो. पुरेल का? थर्मल पॅड (कार्डच्या भागांची उष्णता ब्लॉकला देणारे मऊ तुकडे) किती जाडीचे घ्यावेत?

उत्तर १: एकट्या कार्डला २४० पुरतो, त्याच लूपमध्ये (पाण्याच्या फेऱ्यात) प्रोसेसरही घेणार असाल तर ३६० बघा. ब्लॉक मागवण्याआधी पीसीबी (कार्डचा सर्किट बोर्ड) जुळतो का ते तपासा. चिप तीच असली तरी कंपनीगणिक बोर्डाची रचना बदलते, कुठेतरी कॅपॅसिटर आडवा येतो. पॅडची जाडी ब्लॉकच्या माहितीपत्रकात दिलेलीच घ्या. ०.५ मिमीच्या जागी १ मिमी लावला की ब्लॉक उचलला जातो, चिपला नीट टेकतच नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

उत्तर २: रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा नको. तांब्याच्या ब्लॉकसोबत तो गंजतो आणि गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. नळाचं पाणी तर मुळीच नको.

प्रश्नकर्ता: गळती कशी तपासू?

उत्तर २: मदरबोर्ड आणि कार्डच्या पॉवर केबल काढा, पॉवर सप्लायच्या २४ पिन कनेक्टरला जम्पर (मदरबोर्डशिवाय सप्लाय चालू करणारी तार) लावून फक्त पंप चालवा. जोडांखाली टिश्यू पेपर ठेवा. काही तास तरी, जमल्यास २४. टाकी पंपाच्या वर हवी. कोरडा फिरला तर पंप खराब होतो.

उत्तर १: आणि हो, नंतर लोडवर हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं तापमान) जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिपच्या तापमानापेक्षा २५ अंशांहून जास्त दिसला, तर ब्लॉक बहुधा नीट बसलेला नाही. चिपवरची थर्मल पेस्ट पुसून पुन्हा बसवा.