नदीचे धोरण छायाचित्राने बदलते का?

धागाकर्ता:
नदीविषयीचे धोरण अहवाल वाचून बदलते यावर माझा विश्वास नाही. अहवाल बासनात जातात, छायाचित्र मतदाराच्या डोळ्यांसमोर राहते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील फ्रँकलिन नदीवर धरण बांधण्याचे घाटत असताना पीटर डोम्ब्रोव्स्किस यांनी टिपलेले रॉक आयलंड बेंडचे छायाचित्र, म्हणजे काळसर पाण्यावर रेंगाळणारे धुके आणि प्रवाहात उभा खडक, १९८३ च्या ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय निवडणुकीत वृत्तपत्रांतून जाहिरात म्हणून झळकले. हे नष्ट करणाऱ्या पक्षाला मत देणार का, असा थेट प्रश्न तीत होता. सरकार बदलले आणि धरण बारगळले.

पहिला प्रतिसाद:
आपण श्रेय भलत्यालाच देत आहात. धरणाचा निकाल लागला तो सर्वोच्च न्यायालयात, १ जुलै १९८३ रोजी, चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने, आणि त्यामागे जागतिक वारसा कराराचा, म्हणजे मोलाची स्थळे जपण्याचे वचन देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, आधार होता, धुक्याचा नव्हे. शिवाय चित्रामागून येणारी कथा सोयीचे तेवढेच सांगते. १९६९ मध्ये ओहायोतील कायाहोगा नदीवरचा तेलकट कचरा पेटला, तेव्हा टाइम साप्ताहिकाने छापलेले छायाचित्र १९५२ च्या आगीचे होते. त्या नदीकाठच्या क्लीव्हलंड शहराच्या मतदारांनी नदीच्या सफाईसाठी १० कोटी डॉलरचे कर्जरोखे आदल्याच वर्षी मंजूर केले होते, हे मात्र त्या कथेतून गळाले.

धागाकर्ता:
जुने चित्र नव्या आगीसोबत छापणे गैरच. पण कराराचे म्हणाल, तर तो आधीच्या, निवडणुकीत हरलेल्या फ्रेझर यांच्या केंद्र सरकारच्याही हाती होता. डिसेंबर १९८२ मध्ये त्या प्रदेशाला वारसा दर्जा मिळाला, तरी त्या सरकारने राज्यावर सक्ती करण्याचे टाळले आणि धरण सोडून देण्यासाठी ५० कोटी डॉलर देऊ केले. कायद्याचे हत्यार उपसण्याची इच्छा मतपेटीतून आली.

दुसरा प्रतिसाद:
मग टास्मानियातीलच पेडर सरोवराचे काय? ओलेगास ट्रुखानास यांनी, म्हणजे डोम्ब्रोव्स्किस यांच्या गुरूंनीच, त्या सरोवराच्या पारदर्शिका (स्लाइड्स) लोकांना दाखवल्या होत्या. चित्रे तितकीच देखणी होती, तरी १९७२ मध्ये सरोवर धरणाच्या पाण्याखाली बुडाले, कारण निर्णय राज्यातच अडकला होता आणि वर दाद मागायला मार्ग नव्हता. चित्र कोणापुढे ठेवायचे, हा प्रश्न त्यामुळे ते किती सुंदर आहे याच्या आधी येतो. आणखी एक अडचण आहे. विरघळलेला प्राणवायू घटून मासे गुदमरू लागलेली नदी कॅमेऱ्याला निरोगी नदीइतकीच देखणी दिसू शकते. त्या नदीसाठी आपण मतदाराला नेमके काय दाखवणार आहात?