आंब्याची वेबसाईट गुगलवर दिसतच नाही, एजन्सीला पैसे द्यावे का?

सड्यावरची बाग (देवगड)

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे, दीडशेच्या आसपास कलमं, बरीचशी आजोबांनी लावलेली. आत्तापर्यंत सगळा माल वाशीला जायचा आणि दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की मग कळायचं पेटीला काय मिळालं ते. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की थोडा तरी माल थेट गिऱ्हाइकाला द्यायचा म्हणून वेबसाईट करून घेतली. वर्डप्रेसवर आहे, दिसायला छान आहे, बागेचे मोठे मोठे फोटो आहेत, आणि भाव आम्ही दरवर्षी पोस्टर बनवून टाकतो म्हणजे तेच पोस्टर व्हॉट्सॲपलाही चालतं.

अडचण अशी की गुगलवर देवगड हापूस टाकलं तर कितीही पानं पुढे गेलं तरी आम्ही नाहीच. ते एक वेळ समजू शकतो, स्पर्धा आहे, पण आमच्या बागेचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी साईट येत नाही, फेसबुकचं पेज येतं. मागच्या सीझनला वेबसाईटवरून ११ पेट्या गेल्या आणि त्यासुद्धा ज्यांना मी स्वतः लिंक पाठवली त्यांच्याच.

आता एका एजन्सीचा सारखा फोन येतोय. महिना १५ हजार, तीन महिन्यांत पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी. बाबा म्हणतात एवढ्यात बागेची एक फवारणी निघते. मोहर यायला अजून अवकाश आहे, तेव्हा करायचं तर आत्ताच करायला हवं. हे पैसे घालावेत का? आणि नाही घातले तर मी स्वतः काय करू शकतो, मला कोडिंग वगैरे येत नाही.

कुडाळचा वेबवाला

दादा, आधी ते १५ हजार खिशातच ठेवा. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही आणि हे खुद्द गुगलनेच आपल्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. कोणतंही काम नीट केलं तरी फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं त्यांनीच २०१७ च्या एका व्हिडिओत सांगितलं होतं, आणि माझाही अनुभव तसाच आहे. तीन महिन्यांचा वायदा करणारे बहुतेक वेळा कुठून तरी शेकडो लिंका विकत घेऊन तुमच्या साईटकडे वळवतात. त्या लिंकांवर गुगल २०१२ पासून, म्हणजे विकतच्या लिंका पकडणारा पेंग्विन नावाचा बदल गुगलने आणला तेव्हापासून, नजर ठेवून आहे. त्याचा त्रास झाला तर एजन्सीचा करार संपलेला असेल आणि साईट मात्र तुमची.

पण तुमच्या पोस्टमधली खरी गोष्ट वेगळीच आहे. स्वतःच्या नावानेही साईट येत नाही म्हणजे हा स्पर्धेचा प्रश्न नाहीच, गुगलने तुमची साईट घेतलेलीच नाही असं वाटतंय. आत्ता मोबाईल हातात घ्या, गुगलच्या चौकटीत साईट हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून तुमच्या साईटचा पत्ता टाका, मधे जागा सोडू नका. काहीच आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे तिथे जा. अगदी तळाशी एक टिकमार्क असतो, सर्च इंजिनांना ही साईट इंडेक्स करू देऊ नका, म्हणजे त्यांच्या यादीत घेऊ देऊ नका, अशा अर्थाचा. साईट बनवताना डिझायनर तो लावून ठेवतात म्हणजे अर्धवट साईट लोकांना दिसू नये, ते बरोबरच आहे, पण काम झाल्यावर काढायचा राहतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की कोणाचीही साईट आली की पहिली तिथेच जातो.

मग सर्च कन्सोलमध्ये साईट जोडा. आपली साईट गुगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन आहे, फुकट आहे. साईटमॅप, म्हणजे साईटवरच्या सगळ्या पानांची यादी, सबमिट करा आणि मुख्य पानांचे पत्ते एकेक करून त्यातल्याच यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून इंडेक्सिंगची विनंती करा. एवढं करा आणि इथे सांगा काय झालं ते, बाकीचं त्यानंतर बोलू कारण दार बंद असताना घर सजवून उपयोग नाही.

आणि एक, डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते बघा. तुमच्या ईमेलवर नसेल तर आधी ते करून घ्या.

वेळणेश्वर होमस्टेवाली

मी आंब्यातली नाही, आमचं समुद्राजवळ होमस्टे आहे, पण तुमच्यासारखंच सगळं झालं होतं म्हणून लिहितेय. आम्हाला वेबसाईटपेक्षा आधी फायदा झाला तो गुगल मॅप्सवरच्या बिझनेस प्रोफाईलचा, पूर्वी त्याला माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. तुमच्याकडे कोणी बाग बघायला किंवा पेटी घ्यायला येत असेल तर पत्ता टाका, आणि फक्त पार्सलच पाठवत असाल तर पत्ता लपवून सर्व्हिस एरिया टाकता येतो. आमच्या वेळी व्हिडिओ काढून पाठवायला सांगितला, रस्ता, पाटी, आतली जागा असं सगळं एका दमात चालत चालत शूट करायचं, नेट गेलं म्हणून दोनदा करावं लागलं, पण झालं.

नावात मात्र स्वस्त, बेस्ट, ओरिजनल असले शब्द कोंबू नका. पाटीवर जे नाव आहे तेच टाकायचं असा नियम आहे आणि कोणी तक्रार केली तर प्रोफाईल बंद पडतं. तसंच रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं पण चालत नाही. आम्ही नुसतं जाताना सांगतो की आवडलं असेल तर दोन ओळी लिहा, आणि प्रत्येकाला उत्तर देतो, वाईट लिहिणाऱ्याला सुद्धा. एका ताईंनी लिहिलं होतं की रस्ता सापडला नाही, त्यावर मी गुहागरहून कसं यायचं, कुठल्या वळणावर आत वळायचं हे सगळं उत्तरात लिहिलं, आणि त्यानंतर येणारे पाहुणे तेच वाचून नीट पोचायला लागले.

सड्यावरची बाग (देवगड)

वेबवाले दादा, तुमचे खूप खूप आभार. तो टिक होता!! दोन वर्षं. दोन सीझन गेले त्यात. ज्यांनी साईट केली त्यांना फोन केला तर म्हणाले राहून गेलं असेल. काढला लगेच, सर्च कन्सोल पण जोडलं, भाच्याने मदत केली. विनंती टाकून पाच दिवस झाले आणि आज सकाळी बागेचं नाव टाकलं तर फेसबुकच्या वर आपली साईट. बाबांना दाखवलं, त्यांनी स्वतः दोनदा टाईप करून बघितलं.

वेळणेश्वरच्या ताई, मॅप्सचं पण चालू केलंय, व्हिडिओ उद्या काढतो.

आता पुढे काय? एजन्सीवाला म्हणतो की प्रत्येक शहराचं वेगळं पान लागतं, देवगड हापूस पुणे, देवगड हापूस ठाणे, देवगड हापूस नाशिक अशी चाळीस पानं तो करून देईल, आणि कीवर्ड मेटा टॅगमध्ये दोनशे शब्द भरेल.

कुडाळचा वेबवाला

वा, बरा झाला. पाच दिवसांत आली म्हणजे लवकर आली.

कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, गुगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय, त्यामुळे त्याचे कोणी पैसे मागितले तर समजून जा. आणि शहराचं नाव बदलून तोच मजकूर चाळीस पानांवर टाकणं याला डोअरवे पानं म्हणतात, गुगलच्या स्पॅमच्या नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यापेक्षा डिलिव्हरीचं एकच पान करा आणि त्यात खरं लिहा, कुठल्या शहरात कशाने पाठवता, देवगडहून निघाल्यावर किती दिवसांनी पोचतो, पेटी फुटली किंवा फळ खराब निघालं तर काय करता. तुम्ही फोनवर हेच सांगत असणार ना.

भावाचं पोस्टर. चित्रातली अक्षरं गुगल वाचेल याच्या भरवशावर राहू नका, आणि म्हाताऱ्या माणसाला मोबाईलवर ते बोटांनी मोठं करून वाचावं लागतं. भाव साध्या अक्षरात पानावर टाईप करा, डझन, फळाचं वजन, पाच डझनाची पेटी, सगळं. पोस्टर व्हॉट्सॲपसाठी राहू दे.

दुसरं म्हणजे दरवर्षी सीझनचं नवीन पान करून जुनं डिलीट करत असाल तर ते थांबवा. ऑर्डरचं एकच पान, एकच पत्ता, त्यात साल घालायचं नाही, वर्षानुवर्षं तेच. जूनमध्ये आंबा संपला की त्यावरच लिहायचं की यंदाचा सीझन संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा. जुनं पान काढलंत तर त्याला मिळालेली ओळख आणि लोकांनी दिलेल्या लिंका पण गेल्या, मार्चमध्ये परत शून्यापासून सुरुवात. गुगल ट्रेंड्सवर हापूस टाकून बघा, चढ कधी सुरू होतो ते दिसेल, तुमचं पान त्याच्या कितीतरी आधी तयार पाहिजे.

फोटो मोठे आहेत म्हणालात ते बारीक करा. कॅमेऱ्यातून आलेले पाच सहा एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतात, ते लहान करून वेबपी या हलक्या फोटो प्रकारात केले तर दोनशे केबीच्या आत बसतात. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे असं गुगलचं माप आहे, आणि आता तपासणी मोबाईलच्याच साईटची होते. घाटात बसून उघडून बघा म्हणजे कळेल.

पुणेकर, मूळ जामसंडे

मी आंबा विकत घेणारा आहे, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. तुमचे बागायतदारांचे शब्द आणि आमचे शब्द वेगळे असतात हो. माझं मूळ गाव तिकडचं म्हणून मला साका म्हणजे काय ते माहीत आहे, पण माझ्या ऑफिसमधल्या कोणालाही माहीत नाही. ते काय टाईप करतात, तर आंबा आतून पांढरा का निघाला. म्हणजे तुम्ही साका या नावाने कितीही चांगलं पान लिहिलंत तरी ज्याला गरज आहे तो तिथे पोचणार नाही, दोन्ही शब्द हवेत, आधी त्याचा आणि मग आपला. तसंच आढी, म्हणजे पेंढ्यात आंबा पिकत घालणं. लोक विचारतात कच्चा आंबा घरी कसा पिकवायचा, पेंढ्यातून काढायचा का, फ्रीजमध्ये ठेवायचा का. कार्बाईडने पिकवलेला कसा ओळखायचा हे तर प्रत्येक जण विचारतो, त्याला कायद्याने बंदी आहे हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि सगळ्यात जास्त भीती असते ती खोट्या मालाची. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून आमच्या गल्लीत विकतात. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असेल तर तो नंबर साईटवर ठळक टाका, नसेल तर करून घ्या. बागेचे स्वतः काढलेले फोटो, मोहर कधी आला, किती गळला, पाऊस पडून डाग पडले का, हे तुम्ही लिहिलंत तर माझ्यासारखा माणूस लगेच ओळखतो की हा माणूस खरंच बागेत उभा आहे. विकत घेऊन विकणाऱ्याला ते लिहिता येणारच नाही.

सड्यावरची बाग (देवगड)

पुणेकर काका, हे मनाला लागलं एकदम. एप्रिलमध्ये मला दिवसाला वीस फोन येतात आणि हेच प्रश्न असतात, तेच तेच उत्तर देऊन घसा बसतो. ते सगळं पानावर उतरवतो आता. साक्याबद्दल बाबांना बसवून विचारतो, त्यांच्याएवढं कोणाला सांगता येणार नाही.

शेवटचं विचारतो, भाषा कुठली ठेवू? मुंबईचे बरेच गिऱ्हाईक मराठी नाहीत. आणि मराठी माणसं पण इंग्रजी अक्षरात मराठी टाईप करतात. ट्रान्सलेटचं बटण लावलं तर चालेल का?

कुडाळचा वेबवाला

बटणाने होणारं भाषांतर गुगलच्या हिशोबात वेगळं पान धरलं जात नाही, ते फक्त वाचणाऱ्याच्या सोयीचं. मराठीचं पान वेगळं आणि इंग्रजीचं वेगळं, दोघांचे पत्ते वेगळे, वर एकमेकांकडे जायची लिंक, आणि कुठलं पान कुठल्या भाषेचं ते गुगलला सांगणारी एचरेफलँग म्हणून एक खूण असते ती वर्डप्रेसचा प्लगइन लावून देतो. सगळी साईट दोन्हीत करायची गरज नाही, ऑर्डर, डिलिव्हरी आणि पिकवायचं पान एवढी तीन पुरे. इंग्रजी अक्षरातल्या मराठीसाठी वेगळं काही लिहू नका, इंग्रजीच्या पानावर हापूस आणि अल्फान्सो दोन्ही शब्द सहज वाक्यात आले की भागतं.

टायटल प्रत्येक पानाचं वेगळं ठेवा, सगळीकडे नुसतं होम किंवा बागेचं नाव नको. पिकवायच्या पानाचं टायटल असं करता येईल, कच्चा देवगड हापूस घरी कसा पिकवायचा, आणि पुढे बागेचं नाव. सर्च कन्सोलमध्ये आकडे सोळा महिन्यांपर्यंतचे राहतात. आत्ता जोडलंत म्हणजे येत्या एप्रिलचे आकडे त्याच्या पुढच्या एप्रिलशी ताडून बघता येतील. लोक कुठल्या शब्दांवरून येतात, आणि कुठल्या शब्दांवर तुम्ही दहाव्या पंधराव्या जागी अडकलाय ते मे संपला की मला पाठवा, त्यावरून कुठलं पान सुधारायचं ते ठरवू.

आणि मोहर फुटायला लागला की रोज सकाळी एकाच कलमाचा एकाच जागेवरून फोटो काढत जा, फळ धरेपर्यंत. ते फोटो मार्चमध्ये कितीही पैसे दिले तरी मिळणार नाहीत.