मदत हवी: फोटो मोठा केला की फाटतो, भिंतीवर लावायचाय

पार्कचौक
मंडळी, लवकर मदत हवी आहे. वडिलांचा सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेतला फोटो आहे, बाराबंदी म्हणजे पांढरा पारंपरिक पोशाख घालून नंदीध्वज, म्हणजे सजवलेली उंच काठी, पेलतानाचा. पंचाहत्तरीला मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. मोबाईलवर झकास दिसतो, पण मोठा केला की फाटतो, म्हणजे चौकोन-चौकोन दिसतात. एका दुकानात नेला तर म्हणाले, "३०० डीपीआय करून आणा," म्हणजे इंचाला ३०० ठिपके. घरी कॉम्प्युटरवर ७२ चे ३०० केले, परत नेला, तरी तेच. कोणतं सॉफ्टवेअर वापरू तेवढं सांगा. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे.

भुईकोट
मोठा म्हणजे किती? ८ बाय १२ की दार झाकेल एवढा? आणि फाईल किती पिक्सेलची आहे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

फ्लेक्स_अक्कलकोट_रोड
फ्लेक्स करा की. चौकातले वाढदिवसाचे बोर्ड काय मोबाईलच्या फोटोंवरूनच होतात, कुणाला फाटलेले दिसतात का? एका दिवसात मिळेल.

माहेर_सोलापूर
घरातल्या हॉलमध्ये फ्लेक्स नको हो! तो रस्त्यापलीकडून बघायचा असतो. जवळ गेलं की ठिपके दिसतात, वर ती प्लॅस्टिकची चमक. पंचाहत्तरीच्या फोटोला फोटो पेपर नाहीतर कॅनव्हास.

निगेटिव्ह_पेटी
निगेटिव्ह शोधा. जुन्या फोटोंचं खरं डिटेल तिथेच असतं. आधी हवेच्या पंपाने धूळ उडवा, ओल्या फडक्याने पुसू नका, मग चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करा. बुरशीचे डाग असतील तर स्वतः काही करू नका, जाणकाराला दाखवा.

पार्कचौक
निगेटिव्ह कुठून आणू, फोटो डिजिटल आहे! यंदाच्याच यात्रेतला, अक्षता सोहळ्याच्या (यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाच्या) दिवशी, तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याजवळ काढलेला. साईज २ फूट बाय ३ फूट, उभा. फाईल १०६६ बाय १६०० दाखवतेय. सॉफ्टवेअरचं नाव सांगा ना कुणीतरी.

लेन्स_जुळे_सोलापूर
लांब बाजू बरोब्बर १६००, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला दिसतोय. फोटो म्हणून पाठवला की ते लहान करतं आणि वर दाबूनही टाकतं. ३ फूट म्हणजे ३६ इंच. १६०० ला ३६ ने भागा, इंचाला जेमतेम ४४ पिक्सेल येतात.
७२ चे ३०० केल्याने काहीच झालं नाही, कारण तो आकडा फाईलवरची नुसती चिठ्ठी आहे. पिक्सेल तेवढेच राहिले.
फोटो काढला कुणी? त्या माणसाकडे मूळ फाईल असणार. आधी ती मागवा, सॉफ्टवेअर नंतर.

तीनशेच_हवेत
दुकानदार बरोबर बोलला. चांगल्या प्रिंटला ३०० लागतातच, त्याखाली मी कधी काही छापत नाही. २४ बाय ३६ इंचाला ७२०० बाय १०८०० पिक्सेल हवेत.

लेन्स_जुळे_सोलापूर
म्हणजे जवळजवळ ७८ मेगापिक्सेल. घराघरांत कुणाकडे असतो असा कॅमेरा? ३०० चा हिशेब हातात धरून, फूटभर अंतरावरून बघायच्या प्रिंटचा आहे. अंतर दुप्पट झालं की इंचाला लागणारे पिक्सेल निम्मे. २ फुटांवरून दीडशेच्या आसपास पुरतात, सोफ्यावर बसून बघणाऱ्याला त्याहून कमी. भिंतीवरच्या फोटोला दीडशे मिळाले तर मी निर्धास्त छापतो.

तीनशेच_हवेत
पाहुणे सोफ्यावर बसून राहत नाहीत. जवळ जाऊन चेहरा बघतात, आणि चेहराच फाटलेला दिसला तर?

माहेर_सोलापूर
या मुद्द्यावर मी तीनशेवाल्यांच्या बाजूने. सासऱ्यांचा फोटो लावला तेव्हा प्रत्येक जण आधी अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

भुईकोट
फोटोशॉपमध्ये दर वेळी १० टक्के, असं हळूहळू वाढवत न्या. एकदम मोठा केला की फाटतो, टप्प्याटप्प्याने नाही. मी कायम असंच करतो.

लेन्स_जुळे_सोलापूर
ती जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातली युक्ती. आता फरक पडत नाही, उलट प्रत्येक टप्प्याला फोटो थोडा मऊ होत जातो. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉ या भागात २०२१ पासून सुपर रिझोल्यूशन आहे, ते लांबी-रुंदी एका फटक्यात दुप्पट करतं.

भुईकोट
माझ्याकडे पडलेला फरक डोळ्यांना दिसतो. ज्याला हवं त्याने करून बघावं.

एआय_करा
एवढं कशाला? एआय अपस्केलरला टाका, चौपट करून देतो. व्हॉट्सॲपचाही चालतो.

माहेर_सोलापूर
चेहऱ्यावर जपून! माझ्या सासऱ्यांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते, एआयने तिन्ही मिळून एक पांढरा डाग केला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या, मिशीचे केस आखल्यासारखे सरळ झाले. दिसायला एकदम स्वच्छ, पण सासूबाई बघताच म्हणाल्या, "हे कोण?" जे फाईलमध्ये नाहीच, ते तो अंदाजाने भरतो.

पार्कचौक
मिळाली! चुलतभावाने कॅमेऱ्याने काढला होता, मेमरी कार्डात तसाच होता. व्हॉट्सॲपवरच पाठवला, पण डॉक्युमेंट म्हणून. ४००० बाय ६००० आहे. पण एक अडचण आहे, अण्णांच्या (वडिलांच्या) दोन्ही बाजूंना बाकीचे मानकरी आहेत. फक्त अण्णा ठेवले तर १६०० बाय २४०० उरतो.

लेन्स_जुळे_सोलापूर
पूर्ण ठेवला तर ३६ इंचांच्या प्रिंटला इंचाला १६७ पिक्सेल मिळतात, काही न करता थेट छापा. कापला तर ६७. मग दुप्पट करावा लागेल आणि १३३ पर्यंत जाईल, पण दर चार पिक्सेलमागे तीन अंदाजाचे. माझं ऐकाल तर कापू नका. नंदीध्वज उंच, वर हार-बाशिंग, बाजूला सोबतचे लोक, त्यानेच तो गड्ड्याचा फोटो वाटतो. शिवाय ४००० बाय ६००० हे २ बाय ३ मध्ये चपखल बसतं, कडेचं काही जाणार नाही.

भुईकोट
हे पटलं. कापायचाच असेल तर थोडाच कापा.

तीनशेच_हवेत
मी तरी २० बाय ३० इंचच करेन. २०० मिळतात, जवळून बघितला तरी चेहरा टिकतो.

लेन्स_जुळे_सोलापूर
तेही चालेल. ठरवायचं कसं सांगतो. पूर्ण साईजच्या फाईलमधून चेहऱ्याभोवतीचा ८ बाय १२ इंचांचा तुकडा तेवढ्याच मापाने छापून घ्या. फोटो लहान करून नव्हे, तुकडा कापून. भिंतीवर चिकटवा आणि जवळून-लांबून बघा.
प्रिंटला देताना लॅबला सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर बाराबंदीचा पांढरा निळसर होतो. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून फोटो ठरवू नका, प्रिंट काळपट येते. फाईल पेन ड्राइव्हवर द्या.

निगेटिव्ह_पेटी
मॅट पेपर घ्या, हॉलच्या ट्यूबलाइटची चमक येत नाही.

पार्कचौक
मग पूर्ण फोटो, २ बाय ३, मॅट. उद्या तुकडा छापून आणतो. फ्रेमला काच लावायची का? भिंतीसमोर पश्चिमेची खिडकी आहे, दुपारनंतर थेट ऊन येतं.

माहेर_सोलापूर
काच लावा, आपल्याकडची धूळ ध्यानात घ्या. पण काच आणि फोटोच्या मध्ये माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) पट्टी हवीच, नाहीतर फोटो काचेला चिकटतो. आणि सोलापूरच्या उन्हासमोर साधी काच रंग वाचवत नाही. शक्य असेल तर ती भिंत सोडा, दुसरी बघा.