पोस्टग्रेस, मायएसक्यूएल की ओरॅकल: नक्की फास्ट कोण?

नवखा_डेव्ह: मंडळी, नवीन प्रोजेक्टसाठी डेटाबेस ठरवायचाय. ऑर्डरचा डेटा आहे, दिवसभर इन्सर्ट-अपडेट आणि रात्री मोठे रिपोर्ट. नेटवर मायएसक्यूएल विरुद्ध पोस्टग्रेसचे बेंचमार्क (वेग मोजणाऱ्या टेस्ट) ढिगाने पडलेत, पण ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हरचे आकडे कोणी शेजारी मांडतच नाही, असं का?

लॉगवाचक: कारण छापायला परवानगीच नाही. दोघांच्याही लायसन्समध्ये लिहिलंय, आम्हाला विचारल्याशिवाय बेंचमार्कचे निकाल जाहीर करायचे नाहीत. याला डेविट क्लॉज म्हणतात. 80च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड डेविट यांच्या टेस्टमध्ये ओरॅकलचे आकडे वाईट आले, तिथून हे सुरू झालं. टीपीसी या डेटाबेसच्या टेस्ट ठरवणाऱ्या संस्थेचे निकाल मिळतात म्हणा, ऑडिट झालेले असतात, पण सेटअप कंपन्यांनीच निवडलेला, तसलं हार्डवेअर तुझ्या-माझ्याकडे कुठून येणार.

इंडेक्सवेडा: आणि ओपन सोर्स म्हणजे सगळे सारखे असंही नाही हं. पोस्टग्रेसचा मालक अशी एक कंपनीच नाही, लायसन्स बीएसडीसारखं मोकळं. मायएसक्यूएल जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे पण मालकी 2010 पासून ओरॅकलकडे, आणि थ्रेड पूल (मोजक्या थ्रेडवर भरपूर कनेक्शन सांभाळणं) सारख्या गोष्टी पैसे भरणाऱ्यांनाच. मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेल्या मारियाडीबीत तोच प्रकार फुकट मिळतो.

स्पीडचं म्हणशील तर तुझ्या अपडेटवर सगळं अवलंबून. पोस्टग्रेस अपडेटला रोची नवी कॉपी त्याच टेबलात टाकतं, जुनी व्हॅक्यूम (साफसफाईचं काम) येईपर्यंत तशीच पडून, आणि इंडेक्स जास्त असले की प्रत्येकात नवी एंट्री (इंडेक्समधला कॉलम बदलला नाही आणि पेजवर जागा असली तर सुटका होते, म्हणून फिलफॅक्टर, म्हणजे पेज किती टक्के भरायचं ते, कमी ठेवतात). मायएसक्यूएलचं डीफॉल्ट स्टोरेज इंजिन इनोडीबी रो जागेवर बदलतं, जुनं अनडू लॉगमध्ये. पण तिथे टेबल प्रायमरी कीच्या क्रमाने लावलेलं असतं आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्समध्ये ती की असते, रँडम यूयूआयडी (लांबलचक युनिक आयडी) की म्हणून घेतलीस की नव्या रो कुठेही मध्येच घुसवाव्या लागतात, इंडेक्सही फुगतात, बोंबला.

रात्रीच्या रिपोर्टला मी डोळे झाकून पोस्टग्रेस घेईन. मोठी टेबलं जोडायला कामी येणारा हॅश जॉइनच मायएसक्यूएलमध्ये उशिरा, 8.0.18 व्हर्जनला आला.

नवखा_डेव्ह: मग घरीच टेस्ट करतो, डीफॉल्ट सेटिंगवर चालेल ना?

लॉगवाचक: अजिबात नको! पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स आणि मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) दोन्ही डीफॉल्ट 128 एमबी, आधी ते वाढव. आणि कमिटला डिस्कवर फ्लश दोन्हीकडे चालू आहे ना बघ, एकीकडे बंद करून काढलेले ग्राफ बरेच फिरतायत.

इंडेक्सवेडा: आणि कनेक्शन शेकड्यांनी उघडणार असशील तर पोस्टग्रेससमोर पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरणारं टूल) लाव, तिथे प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते.